तमाशासम्राज्ञी विठाबाई नारायणगावकर : पदके मिळाली, आधार मिळाला नाही



ठाण्याचे गडकरी रंगायतन, कल्याणचे आचार्य अत्रे रंगमंदिर आणि डोंबिवलीचे सावित्रीबाई फुले कलामंदिर आपल्या तरुणांना चांगलीच माहीत आहेत. तिथे मराठी नाटक आणि सिनेमातल्या थोर अभिनेत्रींची आठवण नेहमी निघते. पण ज्या बाईने उभे आयुष्य कनातीतल्या रंगमंचावर काढले आणि राष्ट्रपतींच्या हस्ते दोनदा गौरव मिळवला, तिचे नाव या यादीत सहसा ऐकू येत नाही. म्हणून आज आम्ही विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर यांच्याबद्दल लिहीत आहोत.

विठाबाईंचा जन्म १९३५ साली पंढरपुरात झाला. घराणे मातंग समाजातले, कलावंतांचे. आजोबा नारायण खुडे शिरूर तालुक्यातल्या कवठे यमाई गावचे. त्यांनी फड उभा केला. पुढे वडील भाऊ आणि चुलते बापू यांनी तो भाऊ-बापू मांग नारायणगावकर या नावाने महाराष्ट्रभर नेला. फडाच्या नावातच जात होती, हे आपण लक्षात घेतले पाहिजे. तिकीट काढून खेळ पाहणारा गाव त्यांच्या गाण्यावर खूश व्हायचा, पण फडकऱ्याची जात विसरायचा नाही.

शाळेत विठाबाईंचे मन रमले नाही. गण, गवळण, लावणी, भेदिक हे सारे त्यांच्या कानावर पाळण्यापासून पडत होते. कोणा गुरूकडे बसून त्या शिकल्या नाहीत. लहान वयात बोर्डावर उभ्या राहिल्या आणि त्यांचा आवाज, नाच आणि वगातला अभिनय लोकांनी उचलून धरला. ढोलकी फडाच्या तमाशात एकाच बाईला एका रात्रीत गवळण, लावणी आणि वगातली भूमिका हे सगळे निभवावे लागते. कनातीच्या शेवटच्या टोकाला बसलेल्या माणसापर्यंत आवाज पोहोचवावा लागतो. रात्र संपली की सामान ट्रकमध्ये भरून पुढच्या गावी जायचे. आजही नारायणगावात फडांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावचे कारभारी जत्रेची सुपारी द्यायला तिथेच येतात.

तमाशाचा हंगाम दसऱ्याला सुरू होतो आणि बुद्धपौर्णिमेच्या सुमारास संपतो. हे दोन्ही दिवस आपल्यासाठी मोठे आहेत. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, अशोक विजयादशमीला, बाबासाहेबांनी नागपुरात धम्मदीक्षा घेतली. पुढच्याच वर्षी, १९५७ मध्ये, विठाबाईंना राष्ट्रपती पदक मिळाले. १९९० मध्ये ते पुन्हा मिळाले. तमाशासम्राज्ञी ही पदवी त्यांच्या नावाला कायमची चिकटली.

विठाबाईंचे नाव निघाले की एक प्रसंग हमखास सांगितला जातो. नऊ महिन्यांच्या गरोदर असताना त्या खेळ करत होत्या. मध्येच कळा सुरू झाल्या. त्या रंगमंचामागे गेल्या, बाळंत झाल्या, दगडाने नाळ तोडली आणि पुन्हा नाचायला उभ्या राहिल्या. खरा प्रकार कळल्यावर प्रेक्षकांनीच खेळ थांबवला आणि त्यांना विश्रांती घ्यायला लावली.

ही गोष्ट कलेवरच्या निष्ठेचा नमुना म्हणून सांगितली जाते. विठाबाईंच्या हिमतीला आमचा सलामच आहे. पण आंबेडकरी तरुणांनी इथे थांबून विचार करावा. बाळंतीण बाईला तासाभरात बोर्डावर का उभे राहावे लागले? खेळ बंद पडला तर सुपारीचे पैसे बुडतात. फडातल्या पन्नास-साठ माणसांची चूल त्या पैशांवर पेटते. सावकाराची उचल डोक्यावर असते. निष्ठेच्या मागे ही गरजही उभी असते.

स्त्री कामगाराला बाळंतपणात पगारी रजा मिळावी, यासाठी बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात आग्रहाने बाजू मांडली होती. १९२९ मध्ये मुंबई प्रांताचा कायदा झाला. १९६१ मध्ये देशाचा कायदा आला आणि १९७३ च्या दुरुस्तीने खेळ करून दाखवणाऱ्या संस्थाही त्याच्या कक्षेत आल्या. पण आज इथे तर उद्या तिथे मुक्काम करणाऱ्या फडात कोणाकडून कोण रजा मागणार? जिथे बाई स्वतःच फड चालवते, तिथे तिला रजा देणारा मालकही नसतो.

इथे आपल्या चळवळीचाही विचार करायला हवा. विठाबाईंच्या आधी तमाशात गाजलेली स्त्री म्हणजे पवळाबाई हिवरगावकर. त्या महार समाजातल्या. पठ्ठे बापूरावांबरोबर त्यांचे नाव सगळीकडे झाले. पण बाईच्या नाचावर पैसे उधळणारी व्यवस्था आपल्याच लेकीबाळींच्या शरीरावर उभी आहे, हे बाबासाहेबांनी ओळखले होते. १६ जून १९३६ रोजी परळच्या दामोदर हॉलमध्ये त्यांनी मुरळ्या, जोगतिणींना ते जिणे सोडण्याचे कळकळीचे आवाहन केले. भीमराव कर्डकांसारख्या शाहिरांनी तमाशाचाच साचा घेऊन आंबेडकरी जलसा उभा केला आणि त्यातला शृंगार काढून प्रबोधन आणले. ही भूमिका योग्यच होती.

मात्र पुढे काही ठिकाणी या भूमिकेचा उलटा अर्थ लागला. व्यवस्थेला नाकारण्याऐवजी त्या बाईलाच नाकारले गेले. डॉ. शैलजा पैक यांनी तमाशातल्या दलित स्त्रियांवर केलेले संशोधन जगभर वाचले गेले आणि २०२४ मध्ये त्यांना मॅकआर्थर फेलोशिप मिळाली. त्यांच्या लेखनाने हाच प्रश्न पुढे आणला आहे. कलावंत बाईला अश्लील ठरवणारा समाज स्वतःच्या नजरेकडे पाहत नाही. १९७२ च्या ‘पिंजरा’ चित्रपटात आदर्श गुरुजीच्या अधःपतनाचे कारण तमाशातली बाई ठरते. सिनेमा गाजला, पण खऱ्या फडातल्या बाईच्या अंगावरचा डाग गडदच झाला.

विठाबाई आंबेडकरी चळवळीतल्या कार्यकर्त्या म्हणून ओळखल्या गेल्या नाहीत आणि आम्ही तसा दावा करत नाही. पण जात, बाईपण आणि गरिबी या तिन्हींचा भार घेऊन त्या उभ्या राहिल्या. फड चालवला, मुले वाढवली, कला पुढे दिली. त्यांच्या कन्या मंगला बनसोडे यांनी स्वतःचा फड उभा करून नाव कमावले.

एवढे सगळे होऊन विठाबाईंचा शेवटचा काळ हलाखीत गेला. दोन राष्ट्रपती पदके घरात असताना औषधपाण्याला पैसा नव्हता. १५ जानेवारी २००२ रोजी त्यांचे निधन झाले. रुग्णालयाचे बिल देणगीदारांच्या मदतीतून भागवावे लागले. पुढे महाराष्ट्र शासनाने त्यांच्या नावाने तमाशा कलावंतांसाठी जीवनगौरव पुरस्कार सुरू केला, तो २००६ पासून दिला जातो. मंगलाताईंनाही तो मिळाला. पुरस्काराचे स्वागतच आहे, पण ज्या नावाने तो दिला जातो त्या बाईला हयातीत काय मिळाले, हेही पुरस्कार देताना आठवले पाहिजे.

हा प्रश्न आपल्यापासून लांब नाही. ठाणे, कल्याण, डोंबिवली, उल्हासनगर, अंबरनाथच्या वस्त्यांत १४ एप्रिलला आणि बुद्धपौर्णिमेला भीमगीतांचे कार्यक्रम होतात. आपल्याच गायिका तिथे रात्रभर गातात. त्यांचे मानधन आधी ठरवून वेळेवर द्या. त्यांना बसायला, कपडे बदलायला नीट जागा द्या. रात्री घरी पोहोचायची सोय करा. त्यांच्यावर नोटा उधळणाऱ्याला मंडळाने तिथेच थांबवावे. वृद्ध कलावंतांसाठी शासनाची मानधन योजना आहे. आपल्या वस्तीतल्या म्हाताऱ्या शाहिराचा, गायिकेचा अर्ज भरून द्यायला एका कार्यकर्त्याची एक दुपार पुरते.

विठाबाईंच्या स्मृतीला अभिवादन करायचे असेल, तर या जयंतीपासून ही कामे हाती घ्यावीत, एवढीच आमची विनंती आहे.