ब्रांडहुकच्या दफनभूमीतील डॉक्टर

शौर्यपदक म्हटले म्हणजे शत्रूवर चालून जाणारा सैनिक आपल्या डोळ्यांसमोर उभा राहतो. परंतु पहिल्या महायुद्धात ब्रिटिश सैन्याचे सर्वोच्च शौर्यपदक, व्हिक्टोरिया क्रॉस, दोनदा मिळवणारा एकच मनुष्य झाला आणि त्याने ते कोणाचा प्राण घेऊन मिळवले नाही. डॉ. नोएल शव्हॅस यांच्या चरित्राकडे आम्ही वाचकांचे लक्ष वेधतो ते याच कारणासाठी.

नोएल यांचा जन्म ९ नोव्हेंबर १८८४ रोजी ऑक्सफर्ड येथे झाला. ख्रिस्तोफर हा त्यांचा जुळा भाऊ. वडील फ्रान्सिस शव्हॅस हे अँग्लिकन पाळक. १९०० साली ते लिव्हरपूलचे बिशप झाले. ऑक्सफर्डला नोएल यांनी १९०७ मध्ये शरीरक्रियाशास्त्रात प्रथम वर्ग मिळवला. १९०८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये दोघेही भाऊ ४०० मीटर शर्यतीत धावले. १९१२ साली नोएल डॉक्टर झाले आणि लिव्हरपूलच्या रुग्णालयात अस्थिरोगांचे विख्यात शल्यविशारद रॉबर्ट जोन्स यांच्या हाताखाली काम करू लागले. १९१३ मध्ये त्यांनी सैन्याच्या वैद्यकीय दलात नाव घातले. नोव्हेंबर १९१४ मध्ये ‘लिव्हरपूल स्कॉटिश’ पलटणीचे डॉक्टर म्हणून ते फ्रान्सला गेले.

पलटणीच्या डॉक्टराने प्रथमोपचार केंद्रात थांबावे व स्ट्रेचरवाल्यांनी जखमींना तेथे आणावे, अशी व्यवस्था असे. नोएल यांचे मन तेवढ्यावर राहिले नाही. दोन्ही सैन्यांच्या खंदकांमधील ओसाड पट्ट्यात जे पडून राहत, त्यांना शोधायला ते रात्री स्वतः बाहेर पडत. १९१५ च्या जून महिन्यात होखे येथील लढाईत केलेल्या सेवेबद्दल त्यांना मिलिटरी क्रॉस मिळाला.

९ ऑगस्ट १९१६ रोजी फ्रान्समधील गिलमाँ गावाजवळ पलटणीची फार हानी झाली. नोएल दिवसभर गोळीबारात जखमींची शुश्रूषा करीत होते. रात्री शत्रूच्या खंदकांसमोर त्यांनी चार तास शोध घेतला. दुसऱ्या दिवशी एका अत्यवस्थ सैनिकाला नेताना तोफगोळ्याचा तुकडा लागून ते स्वतः जखमी झाले. तरीही त्याच रात्री वीस स्वयंसेवक घेऊन ते पुन्हा निघाले आणि शत्रूपासून अवघ्या २५ यार्डांवरील खड्ड्यातून तीन जखमींना घेऊन आले. दोन अधिकाऱ्यांचे मृतदेह त्यांनी पुरले आणि मृतांच्या गळ्यातील ओळखीचे पुष्कळ बिल्ले गोळा केले.

या शेवटच्या गोष्टीपाशी आम्हांला क्षणभर थांबावेसे वाटते. मेलेल्याचा बिल्ला आणण्यासाठी जिवंत माणसाने जीव का धोक्यात घालावा? कारण त्या बिल्ल्यावर नाव असते आणि कोठेतरी एक आई त्या नावाची वाट पाहत असते. उत्तम मेंढपाळ आपल्या मेंढरांना नावाने ओळखतो, हे बिशपच्या घरात वाढलेल्या मुलाला सांगावे लागले नसेल.

३१ जुलै १९१७ रोजी बेल्जियममध्ये ईप्रची तिसरी लढाई सुरू झाली. आरंभीच नोएल यांच्या डोक्याला जखम झाली. त्यांनी जागा सोडण्यास नकार दिला. दोन दिवस, जवळजवळ अन्नावाचून, पावसाने झालेल्या चिखलात ते जखमींना शोधून आणत राहिले. २ ऑगस्टच्या पहाटे त्यांच्या केंद्रावर तोफगोळा पडला व पोटाला प्राणघातक जखम झाली. ज्या रुग्णपथकाने त्यांना मागे नेले त्याचे प्रमुख आर्थर मार्टिन-लीक होते. दोन व्हिक्टोरिया क्रॉस मिळवणारे ते पहिले गृहस्थ. आपल्याकडील बंगाल-नागपूर रेल्वेचे ते डॉक्टर होते. ४ ऑगस्ट रोजी ब्रांडहुक येथील सैनिकी रुग्णालयात नोएल प्रभूमध्ये निजले. वय अवघे ३२. वाग्दत्त वधू ग्लॅडिस हिच्याशी व्हायचा विवाह राहूनच गेला. दुसरा व्हिक्टोरिया क्रॉस त्यांना मरणोत्तर मिळाला.

बरोबर एक महिना आधी, ४ जुलैला, त्यांचा धाकटा भाऊ एडन रणांगणावर नाहीसा झाला होता. त्याचा देह मिळाला नाही. ईप्रच्या मेनिन द्वारावर कबर नसलेल्या चौपन्न हजारांहून अधिक सैनिकांची नावे कोरलेली आहेत, त्यांत त्याचे नाव आहे. त्याच भिंतींवर हिंदी सैनिकांचीही नावे आहेत. इतरांच्या मुलांना शोधून आणणाऱ्या नोएलच्या वडिलांना स्वतःच्या एका मुलाची कबर कधीच पाहता आली नाही.

ब्रांडहुकची ही नवी दफनभूमी ईप्र व पोपरिंगे यांच्यामध्ये, शेतांच्या शेजारी आहे. तेथे राष्ट्रकुलातील ५३० सैनिक आणि २८ जर्मन पुरलेले आहेत. कप्तान असो वा साधा शिपाई, राष्ट्रकुलाच्या प्रत्येक कबरेला सारख्याच मापाची शिळा. पुण्याजवळ खडकीच्या युद्ध-दफनभूमीतही हाच नियम दिसतो. नोएल यांच्या शिळेवर मात्र दोन व्हिक्टोरिया क्रॉस कोरले आहेत आणि खाली वडिलांनी निवडलेले वचन आहे : योहान १५:१३. वाचकांनी ते आपल्या पवित्र शास्त्रातून काढून वाचावे.

युद्धाचा गौरव करावा असे या कबरांपाशी काही नाही. ज्यांनी एकमेकांवर गोळ्या झाडल्या ते तेथे एकाच मातीत आहेत. परंतु त्या द्वेषाच्या मध्यभागी एक ख्रिस्ती मनुष्य रात्रीच्या अंधारात पडलेल्यांना शोधत फिरला. आपल्याही गावांत दोन तटांच्या मधल्या जागेत कोणी ना कोणी पडलेले असते. त्यांच्याकडे जाण्यास आम्हां सर्वांना प्रभू धैर्य देवो.