विश्लेषण : आकाशवाणीची पहाटेची धून रचणारे वॉल्टर कॉफमन कोण होते?

पुणे-सोलापूर महामार्गावरचे मोडनिंब ओळखले जाते ते तिथल्या कलाकेंद्रांमुळे. ढोलकी, पेटी आणि संगीतबारीतली लावणी हे या गावाचे संगीत. पण माढा तालुक्यातल्या या गावात आणि महाराष्ट्रातल्या जवळपास प्रत्येक गावात आणखी एक धून पिढ्यान्‌पिढ्या रोज वाजत आली. पहाटे रेडिओचे बटण फिरवले की आधी खरखर, मग तंबोऱ्याचा सूर आणि त्यावर व्हायोलिनची ती संथ, काहीशी उदास सुरावट. नंतर ‘वंदे मातरम्‌’, आणि मग निवेदकाचा आवाज. ही धून कोणत्याही भारतीय उस्तादाने किंवा पंडिताने बांधलेली नाही. ती बांधली हिटलरच्या सावलीतून निसटून मुंबईत आलेल्या एका ज्यू संगीतकाराने. त्यांचे नाव वॉल्टर कॉफमन.

दूरदर्शनची धूनही त्यांचीच का?

नाही. या दोन धुनांची गल्लत समाजमाध्यमांवर नेहमी होते. फिरत्या वर्तुळांतून दूरदर्शनचे बोधचिन्ह साकारताना वाजणारी धून पंडित रविशंकर आणि सनईवादक उस्ताद अली अहमद हुसेन खाँ यांची. ती १९७०च्या दशकातली आहे. आकाशवाणीची धून तिच्याहून जवळपास चार दशकांनी जुनी.

मुंबईत कसे आले?

कॉफमन यांचा जन्म १ एप्रिल १९०७ रोजी कार्ल्सबाड इथला. आज हे शहर चेक प्रजासत्ताकात आहे आणि त्याला कार्लोव्ही व्हारी म्हणतात. बर्लिनच्या संगीत विद्यालयात त्यांनी फ्रान्झ श्रेकर यांच्याकडे रचना आणि कुर्ट झाक्स यांच्याकडे संगीतशास्त्र शिकून घेतले. पुढे प्रागच्या जर्मन विद्यापीठात गुस्ताव मालरच्या सिंफनींवर प्रबंधही लिहिला. पदवी हातात पडायचीच बाकी होती. तेवढ्यात आपले मार्गदर्शक प्राध्यापक नाझी चळवळीत आहेत, हे त्यांना कळले आणि त्यांनी ती पदवी घ्यायचे नाकारले. पंचविशीतल्या, नोकरी शोधणाऱ्या तरुणाला हा निर्णय परवडणारा नव्हता. त्यांच्या पुढच्या आयुष्याचा अंदाज इथेच येतो.

१९३३च्या जानेवारीत हिटलर सत्तेवर आला. ज्यू कलावंतांना जर्मनीत काम मिळणे बंद झाले. कॉफमन १९३४च्या फेब्रुवारीत मुंबईच्या बंदरात उतरले. भारतच का, याचे उत्तर साधे आहे. इथला व्हिसा मिळत होता. शिवाय इथे ओळखही होती. जर्मनीत सिनेमाचे शिक्षण घेतलेले दिग्दर्शक मोहन भवनानी त्यांचे मित्र होते. मुन्शी प्रेमचंद यांच्याकडून ‘मिल मजदूर’ची कथा लिहून घेणारे ते हेच भवनानी. त्यांच्या चित्रपटांसाठी कॉफमन यांनी संगीताचे काम केले. वॉर्डन रोडच्या बाजूला, महालक्ष्मी परिसरात त्यांनी बिऱ्हाड थाटले.

आल्या आल्या काही महिन्यांतच त्यांनी ‘बॉम्बे चेंबर म्युझिक सोसायटी’ सुरू केली. दर गुरुवारी विलिंग्डन जिमखान्यात मैफल व्हायची. पियानोवर स्वतः कॉफमन आणि व्हायोलिनवर मेहली मेहता, म्हणजे जगप्रसिद्ध संगीतसंचालक झुबिन मेहता यांचे वडील. १९३७च्या मे महिन्यापर्यंत या संस्थेचे १३६ कार्यक्रम झाले होते. तीन वर्षांतला हा आकडा आहे. तोही अशा शहरात, जिथे पाश्चात्त्य शास्त्रीय संगीताचा श्रोता प्रामुख्याने इंग्रज, पारशी आणि गोवेकर मंडळींपुरताच होता.

भारतीय संगीत त्यांना आवडत होते का?

सुरुवातीला अजिबात नाही, आणि त्यांच्या आयुष्यातला सर्वांत महत्त्वाचा भाग हाच आहे. भारतीय संगीताच्या ध्वनिमुद्रिका पहिल्यांदा ऐकल्या तेव्हा त्यांना काहीच हाती लागले नाही. त्या काळातल्या बहुतेक युरोपीय साहेबांनी हे संगीत कर्कश, रडके म्हणून निकालात काढले होते. कॉफमन यांनी उलटा विचार केला. ज्या लोकांनी हे संगीत घडवले त्यांनाही बुद्धी आहे, हृदय आहे आणि लाखो माणसे त्यात रमतात. तेव्हा उणीव संगीतात नसून आपल्या कानात असणार, असे त्यांनी ठरवले. मग त्याच मुद्रिका पुन्हा पुन्हा ऐकायच्या, जाणकारांना विचारायचे, राग लिहून काढायचे, असा क्रम सुरू झाला.

त्यासाठी मुंबईइतकी चांगली जागा नव्हती. वाळकेश्वरला जन्मलेले पंडित विष्णू नारायण भातखंडे यांनी हिंदुस्थानी रागांची दहा थाटांत मांडणी केली, ती याच शहरात. भातखंडे १९३६च्या सप्टेंबरमध्ये निवर्तले, म्हणजे कॉफमन आल्यानंतर अडीच वर्षांनी. पुढे कॉफमन यांनी उत्तर भारतीय रागांवर जो जाडजूड ग्रंथ लिहिला, त्याची मांडणी भातखंड्यांच्या थाटांवरच उभी आहे.

धून नेमकी कधी आणि कशासाठी?

मुंबईचे रेडिओ केंद्र २३ जुलै १९२७ रोजी सुरू झाले, पण ते चालवणारी खासगी कंपनी तीन वर्षांत बुडाली. मग सरकारने सूत्रे हाती घेतली. १९३५मध्ये बीबीसीचे लायोनेल फील्डन प्रसारणाचे प्रमुख म्हणून भारतात आले आणि ८ जून १९३६ पासून या सेवेला ‘ऑल इंडिया रेडिओ’ हे नाव मिळाले. धूनही याच सुमारासची. कॉफमन पुढे मुंबई केंद्राच्या पाश्चात्त्य संगीत विभागाचे प्रमुख झाले आणि १९४६पर्यंत तिथे राहिले.

अशा धुनेची गरज तांत्रिकही होती. तेव्हाच्या रेडिओवर काटा अंदाजाने फिरवून केंद्र शोधावे लागे. कार्यक्रम सुरू होण्याआधी एकच सुरावट फिरून फिरून वाजत राहिली की श्रोत्याला केंद्र सापडायचे, काटा नेमका जुळवता यायचा आणि घड्याळही लावून घेता यायचे. म्हणून ती लहान हवी, पुन्हा ऐकून कंटाळा न येणारी हवी आणि शब्द नसलेली हवी. पेशावरपासून मद्रासपर्यंत तीच चालणार होती, त्यामुळे कोणत्याही एका प्रांताची भाषा त्यात आणणे शक्यच नव्हते.

कॉफमन यांनी तंबोऱ्यावर व्हायोलिन ठेवले. सुरावट शिवरंजनी रागाच्या जवळ जाणारी मानली जाते. कॉफमन यांच्याच एका व्हायोलिन सोनाटातून ती घेतली आणि व्हायोलिन मेहली मेहतांनी वाजवले, असे सांगितले जाते. धुनेच्या श्रेयासाठी ठाकूर बलवंत सिंग यांच्यासारखी आणखीही नावे अधूनमधून घेतली जातात. संगीताच्या अभ्यासकांचा कल मात्र कॉफमन यांच्याकडेच आहे.

या वाद्यमेळात पेटी नाही. हे सहज घडलेले असेल, पण त्या काळात पेटीचा वाद पेटला होता. पेटीवर मींड निघत नाही, श्रुती सापडत नाहीत, असा आक्षेप होता. दिल्ली केंद्रावर कॉफमन यांच्यासारखेच काम करणारे इंग्रज संगीतकार जॉन फोल्ड्‌स यांनी तिच्याविरुद्ध लेखच लिहिला. १ मार्च १९४० पासून ऑल इंडिया रेडिओने पेटीवर बंदी घातली आणि ती तीन दशके टिकली. मोडनिंबसारख्या गावात ज्या पेटीवाचून बैठक उभी राहत नाही, तिला सरकारी रेडिओचे दार बंद होते.

मग भारतात का राहिले नाहीत?

मुंबईतल्या बारा वर्षांत त्यांनी भरपूर लिहिले. ‘अनसूया’ हा त्यांचा ऑपेरा १९३८मध्ये मुंबई केंद्रावरून प्रसारित झाला. भारतीय रेडिओसाठी झालेला हा पहिला ऑपेरा मानतात. त्याच वर्षी म्युनिक करार झाला आणि त्यांचे जन्मगाव जर्मनीच्या ताब्यात गेले. पुढच्या मार्चमध्ये प्रागही गेले. परतायला घर उरले नाही. लेखक-समीक्षक विली हास यांच्यासारखे मित्र १९३९मध्ये मुंबईत येऊन पोहोचले, पण सगळ्यांना ते जमले नाही. कॉफमन यांच्या पहिल्या पत्नी गेर्टी या कादंबरीकार फ्रान्झ काफ्काच्या सख्ख्या भाची, त्याची बहीण एली हिची मुलगी. एलीसह काफ्काच्या तिन्ही बहिणी नाझींनी मारल्या.

महायुद्ध संपले आणि इंग्रजांची जाण्याची वेळ जवळ आली. पाश्चात्त्य संगीताला आश्रय देणारा गोरा श्रोता पांगू लागला होता. रेडिओलाही आता आपल्या संगीतासाठी आपली माणसे हवी होती, आणि ते रास्तच होते. १९४६मध्ये कॉफमन इंग्लंडला गेले, तिथून कॅनडाला. १९४८ ते १९५७ त्यांनी विनिपेग सिंफनी वाद्यवृंदाचे नेतृत्व केले. त्यानंतर अमेरिकेतल्या इंडियाना विद्यापीठात ते संगीतशास्त्राचे प्राध्यापक झाले आणि वीस वर्षे शिकवत राहिले.

मुंबई मात्र त्यांच्यातून गेली नाही. १९४८च्या एका वाद्यवृंदरचनेचे नाव त्यांनी ‘मद्रास एक्सप्रेस’ ठेवले. उत्तर भारतीय रागांवरचा ग्रंथ १९६८मध्ये आला, दक्षिणेतल्या रागांवरचा १९७६मध्ये. आशियातल्या स्वरलिपी आणि तिबेटी बौद्ध मंत्रगायन यांवरही त्यांनी पुस्तके लिहिली. अमेरिकी विद्यार्थी राग समजून घेण्यासाठी हे ग्रंथ उघडत होते, तेव्हा इकडे रोज पहाटे धून लावणाऱ्यांना त्या लेखकाचे नाव ठाऊक नव्हते. धुनेनंतर रचनाकाराचे नाव सांगायची प्रथा रेडिओवर कधी पडलीच नाही.

९ सप्टेंबर १९८४ रोजी ब्लूमिंग्टन इथे कॉफमन यांचे निधन झाले. त्यांची हस्तलिखिते इंडियाना विद्यापीठाच्या ग्रंथालयात आहेत. २०२०मध्ये टोरांटोच्या ‘एआरसी एन्सेम्बल’ने त्यांच्या चेंबर संगीताची ध्वनिमुद्रिका काढली आणि त्यांच्या कितीतरी रचना तेव्हा कुठे लोकांना ऐकायला मिळाल्या. सिंफनी आणि ऑपेरांची बरीच बाडे अजून वाजवली जायची आहेत.