विश्लेषण : मुळशीचे पाणी, मुंबईची वीज, सेनापती बापटांचा लढा आजही का महत्त्वाचा?

पुणे आणि मुंबईतल्या सेनापती बापट मार्गावरून रोज हजारो वाहने जातात. बापट कोणत्याही सैन्यात अधिकारी नव्हते. लोकांनी त्यांना सेनापती म्हटले ते मुळशीच्या धरणाविरुद्धच्या सत्याग्रहामुळे. वीजप्रकल्पासाठी जमीन कोणाच्या संमतीने घ्यायची, हा त्या लढ्यातला प्रश्न १०० वर्षांनंतरही सुटलेला नाही. पवनचक्क्या आणि नव्या जलविद्युत प्रकल्पांच्या निमित्ताने तो पुन्हा समोर येतो आहे.

कोण होते सेनापती बापट?

पांडुरंग महादेव बापट यांचा जन्म १२ नोव्हेंबर १८८० रोजी तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातील पारनेर येथे झाला. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकून १९०४ मध्ये ते शिष्यवृत्तीवर अभियांत्रिकीच्या शिक्षणासाठी एडिंबरोला गेले. तिथे ब्रिटिश राजवटीवर उघड टीका केल्याने शिष्यवृत्ती गेली. मग लंडनच्या इंडिया हाऊसमधील क्रांतिकारकांशी संबंध आला. पॅरिसमध्ये बॉम्ब बनवण्याची माहिती मिळवून ते १९०८ मध्ये भारतात परतले. काही वर्षे भूमिगत राहिल्यावर त्यांना अटक झाली. पुरावा न मिळाल्याने १९१५ च्या सुमारास सुटका झाली आणि ते पुण्यात सार्वजनिक कामात उतरले. अभियांत्रिकी शिकायला विलायतेला गेलेला हा माणूस पुढे एका मोठ्या अभियांत्रिकी प्रकल्पासमोर उभा राहिला.

मुळशीचा प्रकल्प काय होता?

मुंबईच्या कापड गिरण्यांना स्वस्त वीज हवी होती. टाटा समूहाने सह्याद्रीच्या माथ्यावर पावसाचे पाणी अडवून ते कोकणाच्या बाजूला सोडायचे आणि त्या उतारावर वीज तयार करायची, अशी योजना आखली. खोपोलीचे वीजघर १९१५ मध्ये सुरू झाले. त्यानंतर १९१९ मध्ये स्थापन झालेल्या टाटा पॉवर कंपनीने मुळा आणि निळा नद्यांच्या संगमाजवळ धरण बांधायचे ठरवले. पूर्वेकडे भीमा खोऱ्यात जाणारे हे पाणी बोगद्यातून आणि नळांतून पश्चिमेला, घाटाखाली भिरा येथे उतरणार होते. धरणामुळे मावळातली सुमारे ५० गावे बाधित होणार होती. ही गावे भाताची होती आणि खाचरे गेली की जगण्याचे साधनच जाणार होते.

कायदा कोणाच्या बाजूने होता?

त्या वेळी १८९४ चा भूसंपादन कायदा लागू होता. त्याच्या सातव्या भागानुसार सरकार खासगी कंपनीसाठीही जमीन घेऊ शकत असे. काम लोकांच्या उपयोगाचे आहे, एवढे सरकारचे समाधान झाले की पुरे. जमीनधारकाची हरकत ऐकून घेण्याची तरतूद (कलम ५अ) कायद्यात आली ती १९२३ च्या दुरुस्तीने, म्हणजे मुळशीचा संघर्ष पेटल्यानंतर. बाजारभावाने भरपाई मिळे, पण पुनर्वसनाची जबाबदारी कायद्याने कोणावरच टाकलेली नव्हती.

मुळशीत आणखी एक गुंता होता. बरीच जमीन सावकार आणि पुण्यातील जमीनदारांकडे गहाण किंवा मालकीने होती, आणि ती कसणारे मावळे कुळे होते. मालकाला भरपाईचे पैसे पुरेसे वाटू शकत होते. कुळाला पैशांपेक्षा जमीन हवी होती. आंदोलनात पुढे फूट पडली ती याच रेषेवर.

सत्याग्रहाचे काय झाले?

संपादन पूर्ण होण्याआधीच शेतांत चाचणीचे खड्डे खणले जाऊ लागल्याने असंतोष वाढला. १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीला, शेकडो मावळ्यांनी धरणाच्या जागी ठाण मांडले आणि काम थांबले. कंपनीने काही महिन्यांसाठी काम स्थगित केले. या काळात सरकारने कायदेशीर संपादनाची प्रक्रिया पुढे रेटली. काम पुन्हा सुरू होताच दुसरी फेरी सुरू झाली, पण अटकसत्र आणि भरपाई स्वीकारण्याकडे वळलेले जमीनमालक यामुळे लढ्याची ताकद ओसरली.

बापटांनी माघार घेतली नाही. दोनदा तुरुंगवास भोगून आल्यावर १९२४ च्या अखेरीस त्यांनी काही साथीदारांसह प्रकल्पाची रेल्वेगाडी अडवली. या वेळी शस्त्राचा वापर झाला. अहिंसक सत्याग्रह म्हणून सुरू झालेल्या लढ्याचे हे वळण अनेक सहकाऱ्यांना पटले नाही. बापटांना ७ वर्षांची शिक्षा झाली. ते तुरुंगात असतानाच १९२७ मध्ये भिऱ्याचे वीजघर सुरू झाले. १९३१ मध्ये ते बाहेर आले तेव्हा खाचरे पाण्याखाली होती.

पुढे काय केले?

बापट काँग्रेसमध्ये आणि नंतर सुभाषचंद्र बोस यांच्या फॉरवर्ड ब्लॉकमध्ये सक्रिय राहिले. हातात झाडू घेऊन रस्ते झाडणारा नेता ही त्यांची आणखी एक ओळख. स्वातंत्र्यानंतर गोवामुक्ती आणि संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीतही ते होते. २८ नोव्हेंबर १९६७ रोजी त्यांचे निधन झाले. १८९४ चा कायदा मात्र त्यांच्यानंतरही चार दशकांहून अधिक काळ टिकला.

आता कायदा काय सांगतो?

१ जानेवारी २०१४ पासून नवा भूसंपादन कायदा लागू झाला. खासगी कंपनीसाठी संपादन करायचे असेल तर ८० टक्के बाधित कुटुंबांची संमती लागते. सरकारी-खासगी भागीदारीत ७० टक्के. सामाजिक परिणामांचा अभ्यास आणि पुनर्वसन बंधनकारक आहे. बाधितांच्या व्याख्येत कुळे आणि शेतमजूरही येतात. वनजमिनीवर २००६ चा वनहक्क कायदा लागू होतो. मुळशीच्या कुळांना यातले काहीच उपलब्ध नव्हते.

मग पळवाटा कुठे आहेत?

महाराष्ट्रासह काही राज्यांनी दुरुस्त्या करून ठरावीक प्रकारच्या प्रकल्पांना संमती आणि सामाजिक अभ्यासातून सूट देण्याची सोय केली आहे. जलविद्युत प्रकल्प २५ मेगावॉट किंवा त्याहून मोठा असेल तर केंद्राच्या २००६ च्या अधिसूचनेनुसार पर्यावरण मंजुरी लागते. पवनऊर्जा या यादीत नाही. शिवाय पवनचक्क्यांसाठी जमीन बहुतेकदा थेट खरेदीने किंवा भाडेपट्ट्याने घेतली जाते. अशा व्यवहारात संपादनच होत नसल्याने संमतीची अट सहसा लागू होत नाही. सौदा सातबाऱ्यावरच्या मालकाशी होतो आणि जमीन कसणारा किंवा तिथे गुरे चारणारा बाहेर राहतो.

त्यामुळे गावात वीजप्रकल्प येतो तेव्हा तीन गोष्टी आधी विचारायला हव्यात : जमीन सरकार संपादित करणार की कंपनी थेट घेणार, बाधितांच्या यादीत कुळे आणि मजूर आहेत का, आणि काम संपादन पूर्ण झाल्यावर सुरू होणार की आधी. मुळशीत या तिन्हींची उत्तरे गावकऱ्यांच्या विरोधात गेली होती.