'अ‍ॅक्वेरियम' हा शब्द रुजवणाऱ्या माणसालाच पुढे खंत का वाटली?

घरात प्रवाळांची टाकी ठेवायची म्हटलं की पहिला प्रश्न येतो, सोबत मासे कोणते सोडायचे? बटरफ्लाय फिश दिसायला देखणा, पण त्यातल्या बऱ्याच जाती प्रवाळांचे जिवंत पॉलिप टोचून खातात. पॅरटफिश तर चोचीने प्रवाळच खरवडतो. याउलट क्लाउनफिश, गोबी, क्रोमिस हे मासे सहसा प्रवाळांच्या वाटेला जात नाहीत.

कोणाला कोणासोबत ठेवायचं, हा विचार समुद्रकिनाऱ्यावरून लोकांच्या दिवाणखान्यात नेणारा माणूस म्हणजे फिलिप हेन्री गॉस.

गॉसचा जन्म 6 एप्रिल 1810 रोजी इंग्लंडमधल्या वूस्टरचा. वडील गावोगाव फिरून छोटी व्यक्तिचित्रं रंगवायचे. घरची परिस्थिती बेताची. 17व्या वर्षी तो न्यूफाउंडलंडला कारकुनी करायला गेला. पुढे कॅनडात शेती केली, ती फसली. अलाबामात शिक्षक झाला. 1844 मध्ये जमैकाला जाऊन पक्ष्यांचा अभ्यास केला. कॉलेजची पदवी नव्हती, पण निरीक्षण पक्कं होतं आणि चित्रकला घरातूनच आली होती.

1852 मध्ये तब्येत बिघडल्यामुळे तो डेव्हनच्या किनाऱ्यावर राहायला गेला. ओहोटीला खडकांमधल्या डबक्यांत उतरायचं, समुद्रफुलं आणि छोटे प्रवाळ जपून काढायचे आणि भांड्यात ठेवून न्याहाळायचे, हा त्याचा दिनक्रम झाला.

अडचण एकच होती. भांड्यातलं पाणी लवकर खराब व्हायचं आणि जीव मरायचे. गॉसने पाण्यात समुद्री शेवाळ ठेवून पाहिलं. उजेडात शेवाळ ऑक्सिजन सोडतं, तो प्राण्यांना मिळतो. वनस्पती आणि प्राणी यांचं प्रमाण जमलं, तर पाणी बराच काळ टिकतं. रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनशास्त्रज्ञानेही गोड्या पाण्यात हाच समतोल दाखवला होता.

1853 मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात लोकांसाठी मत्स्यालय उघडलं, त्यासाठी गॉसने समुद्री जीव पुरवले. 1854 मध्ये त्याचं 'द अ‍ॅक्वेरियम' हे पुस्तक आलं आणि तो शब्द सगळीकडे झाला.

इंग्लंडमध्ये काचेवरचा कर 1845 मध्येच रद्द झाला होता, त्यामुळे काच स्वस्त झाली होती. रेल्वेने किनारा गाठणंही सोपं झालं होतं. बघता बघता समुद्री टाकी ही मध्यमवर्गाची फॅशन बनली.

1857 मध्ये पत्नी एमिली कर्करोगाने गेली. त्याच वर्षी आलेल्या 'ओम्फालोस' या पुस्तकात गॉसने बायबल आणि जीवाश्म यांची सांगड घालायचा प्रयत्न केला, तो कोणालाच पटला नाही. तरी काम थांबलं नाही. 1860 मध्ये ब्रिटनमधली समुद्रफुलं आणि प्रवाळ यांच्यावरचा त्याचा सचित्र ग्रंथ पूर्ण झाला.

पण तोपर्यंत किनाऱ्यावर वेगळंच घडत होतं. गॉसची पुस्तकं वाचून लोक हातोडी, छिन्नी घेऊन खडकांवर तुटून पडले. डबकी रिकामी होत गेली. मुलगा एडमंडने 1907 मध्ये आपल्या आठवणींच्या पुस्तकात ही नासधूस नोंदवली. वडिलांनी सगळं चांगल्या हेतूने केलं होतं, पण परिणाम पाहून त्यांना फार वाईट वाटलं, असं त्याने लिहिलं आहे. गॉस 23 ऑगस्ट 1888 रोजी गेला.

आज टाकीत कोणता मासा प्रवाळ खाईल, याची माहिती सहज मिळते. पण तो मासा आणि तो प्रवाळ आला कुठून, हेही विचारायला हवं. समुद्री टाकीतले बहुतेक प्रकारचे मासे आजही थेट समुद्रातून पकडले जातात. भारतात तर दगडी प्रवाळांना वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूची 1 मध्ये संरक्षण आहे, म्हणजे आपल्या समुद्रातून ते काढणं किंवा विकणं हा गुन्हा आहे.

बटरफ्लाय फिश टाकीतले चार पॉलिप खाईल. गॉसच्या वाचकांनी मात्र अख्खा किनारा ओरबाडला होता.