विल्यम हार्ले आणि तो आवाज

हायवेवर हार्ले-डेव्हिडसन गेली की न बघताही ओळखू येते. त्या आवाजामागच्या विल्यम हार्लेबद्दल मात्र फारसे बोलले जात नाही.

जन्म १८८० चा, मिलवॉकीतला. विशीतच, १९०१ मध्ये, त्याने सायकलला बसवायच्या इंजिनाचे ड्रॉइंग काढले. १९०३ मध्ये मित्र आर्थर डेव्हिडसनबरोबर पहिली मोटरसायकल झाली. धंदा सुरू असतानाच हा पठ्ठ्या मॅडिसनला मेकॅनिकल शिकायला गेला. खर्चासाठी वेटरचे काम केले (आपल्यातल्या एमएसवाल्यांना ओळखीचे वाटेल!) आणि १९०७ मध्ये पदवी घेतली.

१९०९ चे पहिले व्ही-ट्विन इंजिन, म्हणजे ४५ अंशांत बसवलेले दोन सिलिंडर, साफ फसले. इंधन आत घेणारा व्हॉल्व्ह नुसत्या पिस्टनच्या ओढीने उघडायचा, वेग वाढला की ते जमेना. मॉडेल मागे घ्यावे लागले. १९११ मध्ये तेच इंजिन परत आले, आता व्हॉल्व्ह यांत्रिक पद्धतीने उघडणारा. दोन्ही कनेक्टिंग रॉड क्रँकच्या एकाच पिनवर, त्यामुळे स्फोट सारख्या अंतराने होत नाहीत: एकदा ३१५ अंशांनी, एकदा ४०५ अंशांनी. तोच तो अडखळता ठेका!

१९४३ मध्ये तो वारला, तेव्हाही कंपनीचा मुख्य इंजिनियर तोच होता.