पावलांनी मोजलेला देश

हिमालयाच्या कुशीत, कुमाऊँ प्रदेशात, जोहार नावाचे खोरे आहे. तेथील मिलम गावच्या एका भोटिया घराण्यात १८३० साली नैनसिंह रावत यांचा जन्म झाला. भोटिया लोक उंच घाट ओलांडून तिबेटात व्यापारास जात. त्यामुळे तिबेटी भाषा नैनसिंहांना लहानपणापासून अवगत होती. पुढे ते मिलमच्या शाळेत शिक्षक झाले.

त्या काळी तिबेटची द्वारे परकीयांना बंद होती. इंग्रज सरकारच्या सर्वेक्षण खात्याला त्या देशाचा नकाशा हवा होता. परंतु गोरा माणूस तेथे तत्काळ ओळखला गेला असता. म्हणून कॅप्टन माँटगोमेरी याने हिंदी माणसांनाच वेषांतर करून पाठविण्याचे ठरविले. १८६३ साली नैनसिंहांची निवड झाली. डेहराडून येथे त्यांना ताऱ्यांवरून स्थान ठरविण्यास व पाणी किती उष्णतेवर उकळते त्यावरून उंची काढण्यास शिकविण्यात आले. पण खरे कठीण शिक्षण चालण्याचे होते! चढ असो वा उतार, पाऊल सारख्याच अंतरावर पडले पाहिजे. २००० पावलांचा एक मैल. तिबेटी जपमाळेत १०८ मणी असतात. नैनसिंहांच्या माळेत १०० च होते. शंभर पावले झाली की एक मणी ओढावयाचा. माळ पुरी झाली की पाच मैल झाले. हातातील प्रार्थनाचक्रात मंत्रांऐवजी टिपणांचे कागद असत. कोणी जवळ आले की ते चक्र फिरवू लागत, आणि जपात विघ्न नको म्हणून लोक दूर राहत.

१८६५ साली ते नेपाळमार्गे निघाले. सीमेवरील केरुंगच्या नाक्यावरून त्यांना एकदा परतविण्यात आले. दुसऱ्या खेपेस त्यांनी लडाखी व्यापाऱ्याचा वेष घेतला; त्या वर्षी ल्हासाला गेल्यास प्राणदंड कबूल आहे, असे सांगितल्यावरच वाट मोकळी झाली. तरीही जानेवारी १८६६ मध्ये ते ल्हासाला पोहोचलेच. प्रवासात पैसे संपत आले, तेव्हा नेपाळी व्यापाऱ्यांना हिशेब शिकवून त्यांनी गुजराण केली. मास्तरांची विद्या अशी कामास आली. दोघा काश्मिरी मुसलमान व्यापाऱ्यांनी त्यांचे सोंग ओळखले. पण त्या भल्या माणसांनी गुपित राखले आणि घड्याळ गहाण ठेवून घेऊन कर्जही दिले. परवानगीवाचून शहरात आलेल्या एका चिन्याचा शिरच्छेद नैनसिंहांनी डोळ्यांनी पाहिला. त्यातच एके दिवशी केरुंगचा तोच अधिकारी ल्हासाच्या रस्त्यावर दिसला! त्यांनी बिऱ्हाड बदलले व बाहेर पडणे जवळजवळ सोडले. रात्री मात्र ताऱ्यांची मोजणी चालूच राहिली.

एप्रिलमध्ये ल्हासा सोडून मानसरोवराच्या वाटेने ते त्याच वर्षी परत आले. सुमारे १२०० मैलांची वाट मोजून झाली होती. म्हणजे जवळजवळ २५ लाख पावले!

हे ज्ञान इंग्रजांच्या राज्यविस्तारालाही उपयोगी पडणारे होते, हे विसरता येत नाही. १९०४ साली त्यांचे सैन्य ल्हासात शिरले. नैनसिंहांनी मात्र १८७४-७५ मध्ये लेहहून ल्हासामार्गे तवांगवरून आसामपर्यंत आणखी एक प्रवास केला. प्रवासवृत्तांतांत त्यांचे नाव वर्षानुवर्षे गुप्त होते. त्यांचा उल्लेख केवळ ‘पंडित’ असा होई. १८७७ साली लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीने त्यांना सुवर्णपदक दिले, आणि २००४ साली भारतीय टपाल खात्याने त्यांचे तिकीट काढले.