डॉ. बर्रिल क्रोन : शस्त्रक्रियेनंतरच्या दीर्घ वाटेचे साक्षीदार

आतड्याच्या एका चिवट विकाराला ज्यांचे नाव मिळाले, त्या डॉ. बर्रिल बर्नार्ड क्रोन यांचा जन्म 13 जून 1884 रोजी न्यूयॉर्क येथे झाला. वडिलांना जडलेला पचनाचा त्रास पाहूनच ते पोटाच्या विकारांच्या अभ्यासाकडे वळले. 1907 मध्ये कोलंबिया विद्यापीठाची वैद्यकीय पदवी मिळाल्यावर माउंट सायनाय रुग्णालय त्यांची कर्मभूमी ठरली.

लहान आतड्याच्या शेवटच्या भागाला येणारी सूज त्या काळी बहुधा क्षयाची मानली जाई. लिऑन गिन्झबर्ग आणि गॉर्डन ओपनहायमर यांच्यासह क्रोन यांनी 1932 मध्ये 14 रुग्णांच्या आधारे हा स्वतंत्र विकार असल्याचे मांडले. स्कॉटलंडचे शल्यविशारद केनेडी डॅलझील यांनी 1913 मध्येच अशा रुग्णांचे वर्णन केले होते. मात्र लेखकांची नावे वर्णानुक्रमाने छापली गेल्याने क्रोन यांचे नाव रूढ झाले.

रोगट भाग कापून काढला की रुग्ण बरा होतो, अशी तेव्हा आशा होती. पुढील दशकांच्या अनुभवाने ती मावळली. आतडे जेथे जोडले जाते, तेथेच अनेकदा विकार पुन्हा उद्भवतो, असे दिसून आले.

बालरुग्णांच्या बाबतीत हे सत्य अधिक बोचरे ठरते. दीर्घकाळच्या दाहामुळे आणि कुपोषणामुळे त्यांची वाढ खुंटते. पौगंडावस्था सरण्यापूर्वी योग्य वेळी शस्त्रक्रिया झाल्यास अनेकांची उंची व वजन पुन्हा वाढू लागते. परंतु पुढे संपूर्ण आयुष्य उभे असल्याने पुन्हा शस्त्रक्रियेची वेळ येऊ शकते. प्रत्येक वेळी आतडे तोकडे होत गेल्यास पोषणद्रव्ये शोषली जाण्यात अडचण येते. शेवटचा भाग काढल्यास ब-12 जीवनसत्त्वाची उणीव भासू शकते. म्हणूनच शक्य तेथे आतडे न कापता अरुंद भाग रुंद करण्याकडे शल्यविशारदांचा कल वाढला. भारतीय शल्यविशारदांनी क्षयाने आकसलेल्या आतड्यांसाठी ही पद्धत 1970च्या दशकातच वापरली होती.

क्रोन यांनी वृद्धापकाळापर्यंत रुग्णसेवा केली. 29 जुलै 1983 रोजी, वयाच्या 99 व्या वर्षी त्यांचे निधन झाले. त्यांचे नाव धारण करणाऱ्या विकारावर कायमचा उपाय अद्याप सापडलेला नाही; औषधे आणि नियमित तपासणी यांच्या आधारे मात्र असंख्य बालरुग्ण आज शिक्षण व संसार पूर्ण करीत आहेत.